विकतची हवा आणि घरचा धूर

एअर प्युरिफायर हे यंत्र म्हणजे दिल्लीकरांचे दुखणे, अशी समजूत आतापर्यंत विदर्भातील छोट्या गावांतून होती. ती आता उरलेली नाही. नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही दिवाळीनंतर मुलाचा खोकला पंधरा दिवसांत हटला नाही, की शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात या यंत्राची चर्चा सुरू होते. हप्त्याची सोय असते, दुकानदाराची शिफारस असते, शेजाऱ्याने आणलेले असते. आठदहा हजारांपासून पुढे कितीही किंमत असलेल्या या वस्तूची निवड करताना गिऱ्हाइकाच्या हाती मात्र खोक्यावर छापलेले आकडे आणि विक्रेत्याचे शब्द यांपलीकडे काहीच नसते. पगारदार कुटुंबाच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हे. शिवाय येथे प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. यंत्र आणले म्हणून मूल सुरक्षित झाले असे मानून घरचे निर्धास्त राहिले आणि यंत्र कुचकामी निघाले, तर तोटा मुलाच्या फुफ्फुसांचा होतो.

नांदुऱ्याची हवा बिघडते ती कशाने, हे आधी पाहिले पाहिजे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग आणि मधे पूर्णेचे सपाट खोरे अशी या भागाची ठेवण आहे. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतचा थंड हवेचा थर वरच्या उबदार थराखाली कोंडला जातो आणि संध्याकाळी पेटलेला प्रत्येक धूर सकाळी ऊन चढेपर्यंत माणसाच्या नाकाच्या उंचीवर रेंगाळतो. नेमक्या याच काळात कापसाचा हंगाम भरात असतो. हा मुलूखच कापसाचा. शेजारच्या खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा गेला तो कापसासाठीच. जिनांतून उडणारी रुई व धूळ, पूर्वी सहा क्रमांकाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आता त्रेपन्न क्रमांक मिळालेल्या महामार्गावरील मालमोटारींचा धूर, मळणीयंत्रातून उडणारे सोयाबीनचे कुटार, पेटवलेले धुरे, चुलीतील पऱ्हाट्या आणि तुराट्या, आणि गल्लीच्या तोंडाशी पहाटे पेटवलेला प्लास्टिकमिश्रित केरकचरा, असा हा सगळा संसार आहे. यांपैकी प्रत्येकाचा कण निराळा आणि म्हणून त्यावरचा इलाजही निराळा.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. त्यातील शहरांच्या यादीत अकोला, अमरावती, जळगाव, जालना ही आसपासची नावे आहेत, नांदुरा नाही. यादीत नाव नसणे म्हणजे हवा निर्मळ असल्याचे प्रमाणपत्र नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. अतिसूक्ष्म कणांची, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांची, वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी असे भारताचे २००९ चे मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. दोन आकड्यांमधील हे अंतर पाहिले म्हणजे सरकारी भाषेतील ‘समाधानकारक’ हा शब्द किती सैल आहे ते उमगते.

आता यंत्राकडे वळू. त्याभोवती जाहिरातींनी कितीही गूढ वलय उभे केले तरी मूळ रचना अगदी साधी आहे : एक पंखा आणि त्याच्यापुढे एक गाळणी. या गाळणीचे ‘हेपा’ हे नाव ज्या प्रकारासाठी वापरले जाते, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्याच्या गरजेतून विकसित झाला. अमेरिकी व्याख्येप्रमाणे ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण जी अडवते तीच खरी हेपा गाळणी. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या कणाची कल्पना यावी. पुष्कळांची अशी समजूत असते की ०.३ पेक्षा लहान कण या गाळणीतून सहज निसटत असतील. तसे होत नाही. ही गाळणी पिठाच्या चाळणीसारखी चालत नाही. तंतूंच्या दाट जाळ्यात मोठे कण आपल्या वेगाने आदळून चिकटतात, तर अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकत असल्याने कुठल्या ना कुठल्या तंतूला लागतातच. मधल्या आकाराचा कण या दोन्ही कारणांतून वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून परीक्षा त्याची घेतली जाते. युरोपीय वर्गवारीत एच-१३ या दर्जाची गाळणी ९९.९५ टक्के कण अडवते. खोक्यावर असा दर्जा स्पष्ट लिहिलेला असावा. ‘हेपासारखी’, ‘हेपा तंत्रज्ञानयुक्त’ अशी शब्दयोजना दिसली तर ती लिहिणाऱ्याला नेमके काय लिहायचे टाळायचे होते, हे गिऱ्हाइकाने ओळखावे.

परंतु उत्तम गाळणी असली तरी तिच्यापर्यंत हवा पोचली पाहिजे, आणि बहुतेक फसगत येथेच होते. यंत्र ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देते, या मापाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीएडीआर’ म्हणतात. अमेरिकेतील गृहोपयोगी उपकरणे बनवणाऱ्यांच्या संघटनेने रूढ केलेले हे माप आहे, आणि खरेदीच्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न हाच. नांदुऱ्यातील मध्यम घराची झोपायची खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच धरली, तर तिच्यात १२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ही हवा तासातून पाच वेळा गाळली जावी असे मानले, तर १७० घनमीटर क्षमतेचे यंत्र लागते. पाचवी इयत्तेच्या मुलाला सुटावे असे हे गणित आहे. पण पुष्कळ दुकानांतून ‘चारशे चौरस फुटांपर्यंत’ एवढाच मोघम दावा सांगितला जातो आणि तासाला किती वेळा, छताची उंची किती, हे कोणी विचारत नाही. त्यातही छापलेली क्षमता पंखा पूर्ण वेगात असतानाची असते. त्या वेगाचा आवाज झोपेच्या खोलीत सहन होत नाही म्हणून रात्री बटण सर्वांत खालच्या पायरीवर आणले जाते, आणि मग निम्म्याहून कमी हवा गाळली जाते. तेव्हा गरजेपेक्षा थोडे मोठे यंत्र घेऊन ते मधल्या वेगावर चालवणे, हा शहाणपणाचा मार्ग होय.

हे सारे हिशेब दार बंद असेल तरच खरे. वऱ्हाडातील घराची घडण अशी बंद राहण्यासाठी झालेली नाही. टिनाचे छप्पर आणि भिंत यांमधील फट, वर मोकळा झरोका, सकाळपासून उघडे असणारे पुढचे-मागचे दार, हा येथील उन्हाळ्याने शिकवलेला शहाणपणा आहे. अशा घराच्या बैठकीत मोठे यंत्र ठेवणे म्हणजे ज्ञानगंगेच्या पुरात गाळणे धरून बसण्यासारखे. दिल्लीने हा प्रयोग सरकारी खर्चाने करून पाहिला. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅनॉट प्लेस भागात सुमारे चोवीस मीटर उंचीचा हवा गाळणारा मनोरा वीस कोटींहून अधिक खर्चून उभारण्यात आला. २०२३ मध्ये तेथील प्रदूषण नियंत्रण समितीनेच तो व्यवहार्य नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. उघड्या हवेला गाळणी लावता येत नाही. ज्या घरी एक खोली रात्रभर बऱ्यापैकी बंद ठेवता येते, त्या खोलीपुरतेच हे यंत्र उपयोगाचे आहे.

जिनाजवळ राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. डोळ्यांना दिसणारी रुईची तुसे आणि जाड धूळ हवेत फार वेळ टिकत नाही. दहा मायक्रॉनचा कण संथ हवेत पाचसहा मिनिटांत एक मीटर खाली उतरतो; एक मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सातआठ तास लागतात. जाड धूळ यंत्रापर्यंत पोचण्याआधीच कपाटावर, पलंगाखाली, पुस्तकांवर बसते, आणि सकाळी केरसुणी फिरली की पुन्हा उठते. तिच्यावरचा उपाय ओले फडके हा आहे, आणि त्याला वीज लागत नाही. जी तुसे यंत्रात जातात ती पुढच्या जाळीवर बसून तिची वाट बंद करतात. म्हणून धुता येणारी पुढची जाळी वेगळी असलेलेच यंत्र घ्यावे आणि कापसाच्या हंगामात ती दर आठवड्याला धुवावी. आतली कागदी हेपा गाळणी मात्र चुकूनही पाण्याखाली धरू नये. तशी धरून हजारो रुपयांची गाळणी निकामी केल्याची उदाहरणे घरोघर सापडतील.

विक्रेत्याने केलेले प्रात्यक्षिक हा तर करमणुकीचाच विषय आहे. काचेच्या लहान पेटीत उदबत्तीचा धूर कोंडून यंत्र सुरू करतात आणि पाहता पाहता पेटी स्वच्छ होते. हातभर पेटीत कोणताही पंखा हे करील. त्यावरून चौतीस घनमीटर खोलीचा निष्कर्ष निघत नाही. आयन सोडणारी, ‘डोंगरावरची ताजी हवा’ देणारी यंत्रे याहून धोक्याची. त्यांतील काहींतून ओझोन बाहेर पडतो. आकाशात उंचावर उपकारक असणारा हा वायू श्वासात गेला तर दमेकऱ्याचा त्रास वाढवतो. कॅलिफोर्नियाने घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दशलक्ष भागांत ०.०५० भाग अशी मर्यादा कायद्यानेच घातली आहे. अमेरिकेत ‘आयॉनिक ब्रीझ’ नावाचे असे एक बिनपंख्याचे यंत्र फार खपत होते. तेथील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने २००३ च्या सुमारास ते तपासून निष्प्रभ ठरवले. कंपनीने मासिकावरच दावा लावला, तो २००४ मध्ये न्यायालयाने फेटाळला, आणि २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. एका मासिकाची प्रयोगशाळा काय करू शकते याचा हा दाखला आहे. महाराष्ट्रातही मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करीत आहे. परंतु अशा यंत्रांची स्वतंत्र चाचणी करून मराठीत तिचा निकाल नेमाने छापणारे व्यासपीठ नसल्यामुळे गिऱ्हाईक जाहिरातीच्या तोंडी दिले जाते. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी बाजारातील चार यंत्रे आणून एका बंद खोलीत मोजमाप केले तर पंचक्रोशीतील शेकडो कुटुंबांचे पैसे वाचतील. २०२० मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी साधा चौकोनी पंखा आणि बाजारात मिळणाऱ्या गाळण्या चिकटपट्टीने जोडून जे स्वस्त यंत्र सुचवले, त्याची येथील सामानातून उभारणी करून पाहणे हा तर उत्तम अभ्यासप्रकल्प ठरावा.

कुंडीतील झाडांविषयीही दोन शब्द हवेत. ‘नासा’ने १९८९ मध्ये बंद पेटीत केलेल्या प्रयोगाच्या आधारावर घरात चार कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते, असे सर्वत्र सांगितले जाते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांना असे आढळले, की खिडकीतून सहज होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. तुळस जरूर असावी. तिच्यावर फुप्फुसांचा भार टाकू नये.

वायूंच्या बाबतीत हेपा गाळणी पूर्णतः असमर्थ आहे. त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो, आणि तोही भरीव असावा लागतो. काळा रंग दिलेला पातळ कापडी पडदा नव्हे. कार्बन मोनॉक्साइड तर यांपैकी कशालाच दाद देत नाही. बंद स्नानगृहातील गॅसचा बंब किंवा थंडीत खोलीत आणलेली शेगडी यांचा धोका यंत्र लावल्याने तसूभरही कमी होत नाही. उलट यंत्राच्या भरवशावर खिडकी बंद केली तर तो वाढतो.

पैशांचा हिशेब खरेदीच्या पावतीवर संपत नाही. पन्नास वॅटचे यंत्र रात्री आठ तास चालले तर महिन्याला बारा युनिट वीज जाते. हे फारसे जड नाही. जड जाते ती गाळणीची बदली. दोनतीन हजारांची गाळणी वर्षाला बदलावी लागली तर चार वर्षांत नव्या यंत्राची किंमत भरली. तेव्हा यंत्राआधी गाळणीची किंमत विचारावी, ती अकोला-खामगावला मिळते की नाही याची चौकशी करावी, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांतील रात्रींपुरतेच यंत्र चालवावे. तसे केल्यास वापर हजार तासांच्या आत राहतो. राहिला कराचा प्रश्न. २०२५ च्या अखेरीस या यंत्रावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता आणि तो कमी करावा अशी याचिका डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयापुढे आली होती. स्वच्छ हवा देणे ज्या राज्यसंस्थेचे कर्तव्य, तिनेच ती गाळून घेणाऱ्याकडून चैनीच्या वस्तूसारखा कर घ्यावा, यातली विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल.

मात्र या साऱ्या खर्चाआधी घरातील धुराची झाडाझडती घेणे आवश्यक आहे, आणि येथे सुशिक्षित कुटुंबांनाही संकोच वाटावा अशी स्थिती आहे. डास मारण्याची कॉइल हेच पाहा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन व मलेशियातील कॉइली जाळून पाहण्यात आल्या, तेव्हा एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. एका कोपऱ्यात कॉइल आणि दुसऱ्या कोपऱ्यात एअर प्युरिफायर, असा संसार कोणत्याही अर्थशास्त्रात बसणारा नाही. मच्छरदाणी अधिक स्वस्त आणि अधिक खात्रीची. बंद देवघरातील उदबत्ती व धूप, फोडणीचा धूर बाहेर नेणारा पंखा नसलेले स्वयंपाकघर, यांचाही विचार त्याच रांगेतला.

आणि चूल. १९८१ साली कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रे लावून त्यांच्या श्वासातील धूर मोजला. तो घनमीटरला सुमारे सात मिलिग्रॅम निघाला. लहानमोठे सगळे कण धरून केलेले ते मापन असल्याने आजच्या मानकाशी त्याची सरळ तुलना करता येत नाही, तरी हजारो मायक्रोग्रॅमचा तो आकडा पाहून जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांचे लक्ष प्रथमच चुलीकडे वळले. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि गॅसची शेगडी खेडोपाडी पोचली. परंतु दुसरे सिलिंडर भरायला पैसे नसले की पऱ्हाटी फुकट असते. नांदुरा तालुक्यातील ज्या घरी अजून चूल पेटते, त्या घराला एअर प्युरिफायर कोणता घ्यावा हा प्रश्न पडतच नाही. तेथे सिलिंडर भरून मिळणे हाच सर्वांत प्रभावी शोधक.

एवढे सगळे करूनही ज्या घरात दम्याचे मूल आहे, क्षयातून उठलेले किंवा हृदयविकाराचे वृद्ध माणूस आहे, आणि घर महामार्गाला किंवा जिनाला लागून आहे, तेथे यंत्र घेणे मुळीच चैन नव्हे. त्या घराने ते अवश्य घ्यावे : खरी हेपा गाळणी, खोलीच्या मापाची क्षमता, ओझोन नाही, बदलीची गाळणी हाताशी. रुग्ण झोपतो त्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, दार लावून ते चालवावे आणि डॉक्टरांनी दिलेला पंप किंवा औषध त्याच्या भरवशावर बंद करू नये. यंत्रावर झळकणाऱ्या आकड्याचे फार मनावर घेऊ नये. आतला लहानसा संवेदक दमट हवेत चुकतो. आकडा उतरतो की चढतो, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

पण ज्याला खोली बंद करता येत नाही त्याचे काय? जिनात कापसाच्या ढिगाशेजारी दिवसभर राबणारा मजूर तोंडाला रुमाल बांधून काम करतो. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा छातीचा विकार सूतगिरण्यांत सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळण्यावरून ओळखला जाई, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने तो नोंद करण्याच्या व्याधींत घातला होता. जिनातील मजुराला खरा मास्क, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि वर्षाकाठी फुप्फुसांची तपासणी मिळते की नाही, हे पाहण्याचे काम ज्यांचे आहे त्यांनी हंगाम सुरू होण्याआधी एकदा जिनांतून फिरून यावे. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. आजवर नांदुऱ्यात किती जणांना हा दंड झाला, हा आकडा पुढील सर्वसाधारण सभेत एखाद्या नगरसेवकाने विचारावा, आणि उत्तराबरोबरच पहाटे कचरा पेटवणाऱ्यांत पालिकेचे कर्मचारी किती, हेही विचारून घ्यावे.